मधल्या थरातली गर्दी

नदाफसाहेबांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि ते अनवाणी आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आले. दारावर तशी पाटी होती खरी, पण ती पाळणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. ते नगरपालिकेचे पाणीपुरवठा अभियंता. पहाटेपासून धरणावर उभे होते आणि त्यांची पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती. माझ्या स्क्रीनवर हजारो पांढरे ठिपके मुंग्यांसारखे वळवळत होते. त्याकडे ते थोडा वेळ बघत राहिले.

"हे काय आहे, मॅडम?"

"तुमचं धरण," मी म्हणाले. "वरून खालपर्यंत उभं कापून पाहिल्यासारखं. आणि हे ठिपके म्हणजे विष."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

त्याच दिवशी पहाटे घाटातून उतरणारा एक ट्रक पुलाचा कठडा तोडून कुंभेरीच्या जलाशयात पडला होता. ड्रायव्हर पोहत काठाला आला. ट्रकमध्ये कीटकनाशकाची पिंपं होती, ती मात्र तळाला गेली आणि त्यातली काही फुटली. कुंभेरी शहर याच जलाशयाचं पाणी पितं. नदाफसाहेबांनी बातमी कळताच जॅकवेलची, म्हणजे पाणी उचलायच्या विहिरीची, सगळी दारं बंद केली. शहरातल्या उंच टाक्यांत गुरुवार सकाळपर्यंत पुरेल एवढंच पाणी होतं आणि त्या दिवशी मंगळवार होता. पाण्याचे नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेकडे रवाना झाले होते, पण अहवाल यायला आठवडा लागणार होता. तोवर साठ हजार लोकांना काय पाजायचं, हा नदाफसाहेबांचा प्रश्न होता.

जॅकवेलला तीन दारं होती; एक वर, एक मध्ये, एक तळाशी. कुठलं उघडायचं, हे त्यांना सांगायचं काम आमच्याकडे आलं. आमच्याकडे म्हणजे डॉ. हुपरीकर सरांकडे, आणि सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते म्हणून माझ्याकडे.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. इंजिनीअरिंग कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात ठिपके सोडायचे. नदाफसाहेबांना मी ते समजावून सांगितलं. पाण्यात रंग कसा पसरतो याचं एक समीकरण असतं. ते सरळ सोडवणं प्रत्येक वेळी जमत नाही, म्हणून आम्ही दुसऱ्या वाटेने जातो. कॉम्प्युटरमध्ये हजारो ठिपके सोडायचे आणि दर क्षणाला प्रत्येकाला एक पाऊल टाकायला लावायचं. वर जायचं की खाली, हे नाणं उडवून ठरवल्यासारखं ठरतं. पाणी जिथे जास्त घुसळलं जातं तिथे पाऊल मोठं, जिथे शांत असतं तिथे लहान. एकेक ठिपका कुठे जाईल हे कुणालाच सांगता येत नाही, पण सगळी झुंड मिळून अगदी रंगासारखी पसरते.

"बाजारातल्या गर्दीसारखं," ते म्हणाले.

"तसंच. प्रत्येक माणूस आपल्या कामाला निघालेला, पण दुपारी मंडई कशी भरणार ते सांगता येतं."

त्यांना ते पटलं. माझी गणितं समजून घ्यायला आलेला तो पहिला माणूस होता, आणि मला मनातून बरं वाटलं.

संध्याकाळी चित्र तयार झालं तेव्हा सर स्वतः लॅबमध्ये आले. हुपरीकर सर उंच, किडकिडीत. खादीचा पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं. कुंभेरीत त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता, कारण आमच्या धरणाच्या पोटातल्या एका थराला त्यांचं नाव होतं. उन्हाळ्यात जलाशयाचं वरचं पाणी तापतं आणि तळाचं गारच राहतं. या दोन्हींच्या मध्ये एक पातळ थर असतो, तिथे पाणी जवळजवळ घुसळलंच जात नाही. असे थर जगभरच्या तळ्यांत असतात. सरांनी तरुणपणी ठिपक्यांच्याच पद्धतीने दाखवलं होतं की पाण्यात विरघळलेला कचरा हळूहळू या शांत थरात गोळा होतो. तो लेख परदेशात छापून आला, तळ्यांवर काम करणारे लोक 'हुपरीकर थर' म्हणू लागले, आणि नगरपालिकेने जॅकवेलचं मधलं दार कायमचं बंद केलं. मी जो प्रोग्राम चालवत होते तो त्यांचाच होता. जुन्या भाषेतून नव्या भाषेत मी तो उतरवला होता, एवढाच माझा हात.

चित्रात तेच दिसत होतं. पिंपं तळाला फुटली होती, तरी ठिपके वर चढून मधल्या थरात दाटीवाटीने जमत होते. दोन दिवसांत तळ जवळजवळ मोकळा होत होता.

सरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग त्यांनी नदाफसाहेबांना फोन लावला. गुरुवार सकाळपर्यंत सगळी दारं बंदच ठेवा, विष तोवर मधल्या थरात अडकलेलं असेल, मग नेहमीसारखं तळाचं दार उघडा, असं त्यांनी सांगितलं. नदाफसाहेबांना हेच ऐकायचं होतं. मे महिना होता, पाणी उतरलं होतं, आणि वरचं दार जेमतेम हातभर पाण्याखाली होतं. तिथून पंप चालवला तर पाण्यापेक्षा हवाच जास्त ओढली असती.

फोन ठेवून सर म्हणाले, "बघ, हा थर शहर वाचवणार."

मी हसले, आणि घरी जाऊन शांत झोपलेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात आले आणि कालचं चित्र पुन्हा समोर उघडलं. मध्ये काय जमलंय हे काल सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या सकाळी माझी नजर तळावर गेली. पिंपं तिथेच पडून होती आणि अजून गळत होती, म्हणजे माझ्या प्रोग्राममध्येही तळाला सारखे नवे ठिपके येत होते. तरीही तळ मोकळा. ज्या घरात चूल धुमसते आहे ते घर स्वच्छ, आणि शेजारचं घर धुराने भरलेलं, असं कसं होईल?

यावर डोकं खाजवत बसायची मला सवय नाही. गणितावर शंका आली की त्याला एक सोपा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच पक्कं ठाऊक आहे. मी पिंपं काढून टाकली आणि संपूर्ण जलाशयात, वर, मध्ये आणि तळाला, ठिपके अगदी सारखे पेरले. मग म्हटलं, आता चाला.

सरबताच्या ग्लासात साखर पूर्ण विरघळली की ती विरघळलेलीच राहते. ग्लास तासभर तसाच ठेवला म्हणून सगळी साखर मधोमध येऊन बसत नाही. सारखं पसरलेलं सारखंच राहतं. याला कुठल्याही थराचा अपवाद नाही. माझे ठिपके मात्र तसे राहिले नाहीत. चहा पिऊन परत आले तोवर मधल्या थरात पांढरा पट्टा दिसायला लागला होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो चांगला जाड झाला, आणि वर-खाली विरळ अंधार.

गर्दी पाण्यात नव्हतीच. ती आमच्या हिशेबात होती.

कारण शोधायला मला फार वेळ लागला नाही. घुसळत्या पाण्यातला ठिपका मोठं पाऊल टाकतो आणि सहज शांत थरात येऊन पडतो. तिथे त्याची पावलं एवढीशी होतात, त्यामुळे बाहेर पडायला त्याला युगं लागतात. येणारे भराभर येतात, जाणारे जातच नाहीत. खऱ्या पाण्यात असं होत नाही. तिथे प्रत्येक पावलासोबत एक बारीकसा धक्काही असतो, शांत भागाकडून घुसळत्या भागाकडे नेणारा. समीकरण नीट मांडलं की तो धक्का एका पदाच्या रूपात आपोआप येतो. आमच्या प्रोग्राममध्ये ते पद नव्हतं. मी सरांचा जुना प्रोग्राम काढून ओळ न् ओळ पाहिला, तर त्यातही ते नव्हतं. मग त्यांचा मूळ लेख उघडला. सूत्र एकसारख्या पाण्यासाठी काढलं होतं आणि पुढच्या पानावर तेच थरांच्या पाण्याला लावलं होतं.

मी ते पद घातलं. सारखे पेरलेले ठिपके आता सारखेच राहिले, कितीही वेळ चालवले तरी. मग पिंपं परत तळाला ठेवली. आता विष तळातच पसरत होतं, बुडालेल्या जुन्या नदीपात्रातून सरळ जॅकवेलकडे. मधला थर त्याला झाकणासारखा अडवत होता. थोडं विष त्या थरात शिरत होतं, वरच्या पाण्यात मात्र जवळजवळ काहीच नव्हतं. गुरुवारी सकाळी सर्वांत घातक जागा कुठली असेल, तर तळाचं दार.

चार वाजता नगरपालिकेत बैठक होती. मी प्रिंट काढले आणि सरांच्या घरी गेले.

सर नुकतेच जेवून झोपाळ्यावर बसले होते. काकूंनी मला पाणी दिलं आणि आमच्या चेहऱ्यांकडे पाहून त्या आत गेल्या. मी सरळ सांगायला सुरुवात केली. मध्येच घाबरून आवाज उतरेल असं मला वाटलं होतं, तो उतरला नाही. सर ऐकून घेत होते. मग ते एकेक शंका काढू लागले. वेळेची पावलं फार मोठी घेतलीस का? छोटी करून पाहिली, सर, गर्दी तशीच राहते. नाणं उडवणारा प्रोग्राम सदोष असेल? तोही बदलून पाहिला. लेख लिहिला त्या वर्षी सरांनी स्वतः होडीतून नमुने घेतले होते, मधल्या थरात हिरवं पाणी सापडलं होतं, त्याचं काय? मी म्हणाले, ते शेवाळ होतं, सर. उजेड वरून येतो आणि खत तळातून. दोन्ही मिळतं म्हणून शेवाळ तिथे वाढतं, बाहेरून येऊन जमत नाही.

झोपाळा थांबला.

"मैथिली, हे बावीस वर्षांचं काम आहे," ते म्हणाले. "तू एका सकाळीत मोडायला निघालीस."

"सर, मला मोडायचं नाहीये. मला फक्त उद्या तळाचं दार उघडू द्यायचं नाहीये."

"आणि तूच चुकत असलीस तर? वरचं दार उघडलं आणि पंप बंद पडले, तर शहर तहानेलं राहील. ते कुणाच्या माथी?"

"माझ्या."

त्यांनी पायाने झोपाळा पुन्हा हलवला. मग म्हणाले, बैठकीत ते त्यांचं म्हणणं मांडतील. बावीस वर्षं तपासलेली गोष्ट अर्ध्या दिवसाच्या कामासाठी सोडायला ते तयार नाहीत. मी म्हणाले, मग मी माझं मांडेन.

"मांड," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. माझ्याकडे न बघता ते चप्पल शोधायला वाकले.

नगरपालिकेचं सभागृह भरलेलं होतं. मधोमध मुख्याधिकारी श्रीमती खोत, शेजारी नदाफसाहेब, भिंतीकडे नगरसेवक आणि वर्तमानपत्रांचे दोन बातमीदार. सर पहिले बोलले, नेहमीसारखं स्वच्छ, मोजकं. मग मी उभी राहिले. सुरुवातीला कुजबुज झाली, कारण हुपरीकर सरांच्या विरोधात कुणी बोलतंय हेच लोकांना पचत नव्हतं, त्यातून त्यांचीच विद्यार्थिनी. मी सरबताच्या ग्लासाचं उदाहरण दिलं. सारख्या पेरलेल्या ठिपक्यांची दोन चित्रं शेजारी शेजारी धरली, एक जुन्या सूत्राचं, एक नव्या. मग तिसरं चित्र धरलं आणि तळाच्या दारावर बोट ठेवलं.

एक नगरसेवक म्हणाले, गुरू एक सांगतात, शिष्या दुसरंच, आम्ही काय नाणं उडवायचं? हशा झाला. मुख्याधिकारी हसल्या नाहीत. त्यांनी नदाफसाहेबांना विचारलं, वरचं दार वापरायचंच ठरलं तर जमेल का. नदाफसाहेब म्हणाले, दारातून नाही जमणार. पण रिकाम्या पिंपांचा तराफा करून त्यावर अग्निशमन दलाचे पंप चढवले, तर वरचंच पाणी उचलून जॅकवेलमध्ये टाकता येईल. रात्रभर माणसं लावावी लागतील, आणि शहराला अर्धंच पाणी मिळेल. पण खालून स्वच्छ पाणी मिळणार असेल तर हा खटाटोप कशाला, असंही ते म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं.

मुख्याधिकारी सरांकडे वळल्या. तुम्हा दोघांपैकी कुणाचं ऐकावं असं त्यांनी सरळ विचारलं.

सर उठले. भिंतीवर एक फळा होता, त्यावर कुठल्या पेठेला किती वाजता पाणी, ते लिहिलेलं होतं. त्यांनी तो पुसला आणि खडू घेतला.

"यांच्या म्हणण्यात चूक कुठे आहे ते मी इथेच काढून दाखवतो," ते म्हणाले.

त्यांनी समीकरण लिहिलं. सभागृहात त्यातलं अक्षर कळणारे आम्ही दोघंच होतो, पण कुणी हललं नाही. सर वर्गात शिकवत तसेच लिहीत होते. एकही पायरी गाळायची नाही, एकही गोष्ट गृहीत धरायची नाही. पाणी किती घुसळलं जातं त्याला त्यांनी अक्षर दिलं, आणि शेजारी लिहिलं की ते खोलीप्रमाणे बदलतं. हे मूळ लेखात लिहिलेलं नव्हतं. पुढची ओळ लिहिताना ते अक्षर कंसातून बाहेर काढायचं होतं. त्यांचा हात बाहेर काढायला निघाला आणि तिथेच थांबला.

बदलणारी गोष्ट अशी बाहेर काढता येत नाही. हे त्यांनीच मला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं.

ते कितीतरी वेळ फळ्याकडे तोंड करून उभे होते. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. बातमीदारांपैकी एक जण खाकरला. मग सरांनी ते अक्षर कंसातच ठेवलं, ओळ रीतसर उलगडली, आणि शेवटी एक पद जास्तीचं आलं. त्यांनी त्याच्याभोवती चौकट केली. आपल्या विरोधात जाणारी ओळ त्यांनी एवढ्या सुरेख अक्षरात लिहिली की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

ते वळले तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता.

"मैथिलीचं बरोबर आहे. हे पद माझ्याकडून लिहायचं राहिलं होतं. मधल्या थरात काही जमत नाही. तुम्ही ते दार इतकी वर्षं माझ्या सांगण्यावरून बंद ठेवलंत, त्याची गरज नव्हती." मग नदाफसाहेबांकडे पाहून म्हणाले, "तराफा करा. तळाचं दार उघडू नका."

त्यांनी खडू ठेवला, हात रुमालाला पुसले आणि ते खुर्चीत बसले. मुख्याधिकाऱ्यांनी आदेश लिहायला घेतला.

मी जिंकले होते, असं त्या वेळी मला वाटलं. पुढची कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगताना मी इथेच थांबायचे. पण खरं काय घडलं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळायचं होतं, आणि ते पुरतं उमजायला त्याहून बराच काळ जावा लागला.

गुरुवारी सकाळी मी जलाशयावर गेले. नदाफसाहेबांची माणसं तराफ्यावर होती, पंप धडधडत होते आणि जॅकवेलमध्ये पाणी पडत होतं. साहेबांचे डोळे लाल झाले होते. पाणी शुद्धीकरण केंद्रातून निघून शहराच्या नळांना पोचलं सुद्धा, ते म्हणाले, पण तिकडे भलतंच चाललंय. कुणी नळाचं पाणी भरेना. 'सरच चुकले होते' ही बातमी गावभर झाली होती. ज्यांचा शब्द इतकी वर्षं मानला तेच चुकले, तर आता कुणाचा शब्द खरा धरायचा, असं लोक म्हणत होते. आणि बायका हंडे घेऊन धरणाखालच्या नदीवर निघाल्या होत्या.

धरणाखाली नदीत जे पाणी झिरपतं ते तळाचं असतं.

नदाफसाहेबांनी नदीकाठावर पोलीस उभे करायला सांगितलं आणि मला जीपमध्ये घेतलं. मंडईसमोरच्या सार्वजनिक नळापाशी पोचलो तर तिथे शे-दीडशे लोक जमले होते. सगळ्यांचे हंडे रिकामे. नळ सुरू होता आणि पाणी गटारात जात होतं. नदाफसाहेब जीपच्या पायरीवर चढून सांगू लागले, पण त्यांचा आवाज बसला होता. पाठीमागून कुणीतरी विचारलं, तपासणीचा अहवाल आला का? साहेब खोटं बोलले नाहीत. नाही म्हणाले. लोक मग ऐकेनात.

अहवाल पुढच्या आठवड्यात आला. तळाच्या पाण्यात विष मर्यादेच्या कितीतरी पट होतं, मधल्या थरात थोडं, आणि वरच्या पाण्यात मोजता येण्याइतकंही नव्हतं. पुढे आम्ही दोघांनी मिळून तो जुना लेख दुरुस्त केला. सरांनी हट्टाने माझं नाव आधी घातलं, आणि 'हुपरीकर थर' हे नाव वापरू नये अशी तळटीपही स्वतःच लिहिली. मधलं दार उघडलं गेलं आणि आजही वापरात आहे. हे सगळं पुढचं. त्या सकाळी मंडईसमोर अहवाल नव्हता. होतं ते फक्त माझं एक दिवसाचं गणित.

गर्दीतून सर येताना दिसले. कालचाच पांढरा शर्ट होता, चुरगळलेला. रात्रभर ते झोपले नसावेत. लोकांनी त्यांना वाट दिली, पण ती नेहमीसारखी आदराने नव्हे. काहीजणांनी मान फिरवली. सरांनी ते पाहिलं असणार. ते सरळ माझ्यापाशी आले.

"मी काल रात्री तुझा प्रोग्राम पहिल्यापासून पुन्हा लिहिला," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझा न बघता. मलाही तेच उत्तर आलं."

मी काही बोलणार होते, तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं.

"पण हे मी माझ्यासाठी केलं. आता तुला विचारतो. तुझी खात्री आहे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. काल दुपारी झोपाळ्यासमोर मी 'माझ्या माथी' म्हणाले होते, ते सोपं होतं. तेव्हा समोर फक्त ठिपके होते.

"हो सर," मी म्हणाले. "आहे."

"बस," ते म्हणाले.

मंडईच्या चहावाल्याकडून त्यांनी काचेचा एक ग्लास मागून घेतला आणि तो नळाखाली धरला. ग्लास काठोकाठ भरला. लोकांना उद्देशून त्यांनी भाषण केलं नाही. नदाफसाहेब त्यांना थांबवायला पुढे झाले तर सरांनी फक्त मान हलवली. मग ते, ज्यांच्या शब्दावर आता या गावात कुणाचाच विश्वास उरला नव्हता, माझ्या शब्दावर ते सगळं पाणी प्यायले. घाई न करता, एका घोटामागून एक, सगळा ग्लास रिकामा होईपर्यंत.

तेव्हा मला कळलं की काल फळ्यासमोर मी काही जिंकले नव्हते. काल मी फक्त बरोबर होते. बरोबर असणं सोपं असतं, त्याला एक सकाळ पुरते. आपलं नाव आपल्याच खडूने खोडून, मग ज्याने ते खोडायला लावलं त्याच्या हिशेबावर स्वतःचा जीव टाकायचा, ते मी त्या माणसाच्या हातात पाहिलं, आणि ते मला कुठल्याही वर्गात शिकता आलं नसतं.

त्यांनी ग्लास माझ्याकडे दिला. मी तो भरला आणि प्यायले. पाणी कोमट होतं, वरच्या थराचं उन्हात तापलेलं, आणि त्याला थोडा शेवाळाचा वास होता.

मग पुढे उभी असलेली एक बाई, डोक्यावर पदर, काखेत तान्हं मूल, सरांकडे बघत म्हणाली, "सर, हे लेकराला चालेल का?"

सर माझ्याकडे वळले.

"चालेल," मी म्हणाले.

तिने मूल दुसऱ्या काखेत घेतलं आणि हंडा नळाखाली लावला.